भिगवणच्या काठावर गाडीपासून नावेपर्यंत व्हीलचेअर कशी न्यावी?

कोथरूडची प्रश्नकर्ती

नमस्कार. बारा वर्षांपूर्वी एका अपघातात माझ्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि तेव्हापासून मी व्हीलचेअर वापरते. कमरेखाली मला संवेदना नाहीत. हात आणि खांदे मात्र चांगले चालतात. हातांनी चालवण्यासाठी बदल करून घेतलेली गाडी मी स्वतः चालवते आणि गाडीतून खुर्चीत व खुर्चीतून गाडीत कोणाच्याही मदतीशिवाय बसते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला पक्ष्यांचा नाद लागला असून, उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी या जानेवारीत आईबरोबर पाहायचे, असा तिचा हट्ट आहे. ‘आईबरोबर’ हा शब्द तिचा आहे. आजवरच्या अशा प्रत्येक सहलीत मी गाडीत बसून राहिले आणि ती मामाबरोबर पुढे गेली, हे ती विसरलेली नाही.

सोलापूर महामार्गाने भिगवण साधारण १०० किलोमीटर आहे आणि तेवढा प्रवास मला सहज जमतो. माझी अडचण गाडी थांबते तिथून सुरू होते. काठावरची जमीन कशी आहे, नावेत चढताना किती उंची पार करावी लागते, नावेत पाठ टेकून बसता येते का आणि वाटेत किंवा गावात माझी खुर्ची आत जाईल असे शौचालय आहे का, एवढे मला जाणून घ्यायचे आहे. खुर्चीची रुंदी ६३ सेंमी, वजन १६ किलो आणि माझे वजन ५८ किलो आहे.

एक विनंती आहे. ‘काळजी करू नका, तिथली मुले उचलून ठेवतात’ असे उत्तर कृपया देऊ नये. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या पश्चिमेकडील एका निसर्ग पर्यटन केंद्राने फोनवर ‘व्हीलचेअरची सोय आहे’ असे सांगितले होते. प्रत्यक्षात त्यांच्या कार्यालयात घडी घालून ठेवलेली एक व्हीलचेअर होती आणि तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर अकरा पायऱ्या होत्या. दोघांनी मला बगलेत धरून उचलले, त्यात माकडहाडाजवळची त्वचा पायरीच्या कडेला घासली आणि संवेदना नसल्याने मला ते घरी येईपर्यंत कळलेही नाही. ती जखम भरायला चार महिने लागले आणि त्यांतील बराच काळ मी पालथी झोपून काढला. उचलणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही.

हडपसरहून

ताई, माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर उजव्या बाजूने चालता येत नाही. त्यांना घेऊन मी दोनदा भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो आहे, एकदा डिसेंबरच्या सुरुवातीस आणि एकदा मार्चमध्ये, आणि या दोन फेऱ्यांमध्ये काठ ओळखू येणार नाही इतका बदलला होता. डिसेंबरमध्ये पाणी वर होते. गाडी अगदी जवळ गेली आणि नाव गवताळ उतारावर टेकली. मार्चमध्ये पाणी बरेच मागे हटले होते आणि मधल्या पट्ट्यात वरून वाळलेला, भेगाळलेला गाळ होता. तो पक्का दिसतो म्हणून मी खुर्ची पुढे ढकलली आणि पुढची दोन लहान चाके खाली रुतली. वडील पुढे झुकले, पट्टा होता म्हणून पडले नाहीत. अशा जमिनीवर खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत न्यावी, म्हणजे भार मोठ्या चाकांवर येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

नावा उघड्या असतात आणि बसायला आडव्या फळ्या असतात, ज्यांना पाठ नसते. वडिलांसाठी आम्ही नावेच्या तळाशी जाड फोमची गादी टाकली आणि मागच्या फळीला उशी बांधली. ते खाली बसल्यामुळे नावही डुलली नाही. खुर्चीसकट नावेत चढवण्याचा आग्रह काही लोक धरतात. कृपया तसे करू नका. खुर्चीमुळे भार उंचावर जातो आणि नाव कलली तर माणूस पट्ट्यासह खुर्चीत अडकून राहतो. जीवरक्षक जाकीट मात्र शांत पाण्यातही घालावे, आणि ते बसल्यावर वर सरकून हनुवटीला टेकत नाही ना, हे काठावरच तपासावे.

शौचालयाबद्दल माझा अनुभव सांगण्याजोगा नाही. आम्ही लघवीची बाटली आणि मोठी चादर बरोबर ठेवतो. पुरुषांना हे जमते. स्त्रियांची अडचण वेगळी आहे, हे मला मान्य आहे.

माळरानप्रेमी

मी पंधराएक वर्षे या भागात पक्षीनिरीक्षण करतो आहे. प्रश्नकर्त्या ताईंच्या इच्छेबद्दल मला पूर्ण आदर आहे, तरीही एक काळजी मांडतो. सुगम्यतेच्या नावाखाली काठावर काँक्रीटचा धक्का, पेव्हर ब्लॉक, रेलिंग आणि त्यामागोमाग वाहनतळ येईल, गर्दी वाढेल आणि ज्या उथळ चिखलामुळे पक्षी येतात तोच नष्ट होईल. रोहित पक्षी चोच उलटी धरून उथळ पाण्यातून अन्न गाळून खातो. पाणी ओसरू लागते तसतसा त्याला हवा असलेला उथळ भाग उघडा पडतो. काठ बांधून काढल्यास अपंग असोत वा सुदृढ, कोणालाच काही दिसणार नाही.

माप घेणारी (वास्तुरचनाकार)

इमारती आणि सार्वजनिक जागा दिव्यांग व्यक्तींना कितपत वापरता येतात, याची पाहणी करणे हे माझे काम आहे. त्यामुळे वरील दोन्ही मुद्द्यांवर सविस्तर लिहिते.

उतारापासून सुरुवात करू. आपल्याकडील मार्गदर्शक तत्त्वांनुसार उतरंडीचे प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नसावे, म्हणजे ३० सेंमी उंची चढायला किमान ३.६ मीटर लांबी लागते. काठ आणि नाव यांच्या उंचीत दीड मीटरचा फरक असेल, तर १८ मीटर लांबीची उतरंड आणि मध्ये विसाव्याची सपाट जागा लागेल. इमारतीत हे एकदा बांधले की काम संपते. उजनीसारख्या जलाशयात पावसाळ्याअखेरीस पाणी वर असते आणि उन्हाळ्यापर्यंत ते सतत खाली जाते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये बांधलेला धक्का फेब्रुवारीत पाण्यापासून दूर कोरड्यावर उभा राहतो. म्हणूनच माळरानप्रेमींना ज्याची भीती वाटते तो काँक्रीटचा धक्का व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्याही फारसा उपयोगाचा नाही. या काठाला पाण्याबरोबर सरकणारी सोय हवी: पोकळ प्लास्टिकच्या ठोकळ्यांची तरंगती जेटी, तिला बिजागरीने जोडलेली हलकी फळी, आणि गाडी थांबते तिथपासून त्या फळीपर्यंत अंथरता येईल अशी जाळीदार चटई, जी हंगाम संपल्यावर गुंडाळून ठेवता येते. तिच्याखालचा गाळ दाबला जात नाही असे मी म्हणणार नाही, परंतु दीड मीटर रुंदीची एकच ठरलेली वाट असणे हे शंभर माणसांनी हवे तिथून चिखल तुडवण्यापेक्षा पक्ष्यांनाही सोयीचे आहे.

बदलत्या जमिनीवर काय होते, याचे उदाहरण चेन्नईत आहे. तिथल्या मरीना किनाऱ्यावर २०२२ साली दिव्यांग व्यक्तींना समुद्रापर्यंत जाता यावे म्हणून २६३ मीटर लांबीचा लाकडी मार्ग करण्यात आला. काही दिवसांतच आलेल्या चक्रीवादळात त्याच्या समुद्राकडील भागाचे नुकसान झाले आणि तो दुरुस्त करावा लागला. मला यातून ‘असे मार्ग टिकत नाहीत’ असा निष्कर्ष काढावासा वाटत नाही. देखभालीचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरला पाहिजे, एवढेच दिसते.

आता कायद्याविषयी, कारण या चर्चा बहुधा ‘त्यांनी कृपा केली तर’ या सुरात होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनाविषयी आहे आणि त्यात मैदानी शिबिरे व साहसी उपक्रम यांमधील सहभागाचाही स्पष्ट उल्लेख आहे. कलम ४६ नुसार सुगम्यतेचे नियम सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवा पुरवठादारांना लागू होतात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात निकाल देताना, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके तयार करण्यास केंद्र सरकारला सांगितले. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे, तेव्हा तक्रार किंवा सूचना कोणाकडे न्यावी हा प्रश्न पुणेकरांना पडू नये. मात्र एका नावेवर घर चालवणाऱ्या मच्छीमाराच्या दारात कायद्याचा कागद घेऊन जावे, असे मला मुळीच वाटत नाही. जेटी आणि चटई ही पर्यटन, वन किंवा पाटबंधारे यांपैकी ज्या खात्याकडे तो काठ आहे त्याची जबाबदारी आहे.

ताई, जेटी येईपर्यंत तुम्हाला थांबता येणार नाही, म्हणून एक साधा उपाय सुचवते. कोणालाही ‘सोय आहे का’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘आहे’ असेच येते. त्याऐवजी फोटो मागा: दाराच्या चौकटीत धरलेल्या मोजपट्टीचा, पायरीशेजारी उभ्या ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीचा, काठावर उभे राहून गाडीकडे आणि गाडीपाशी उभे राहून काठाकडे पाहताना घेतलेला. उतार मोजण्यासाठी मोबाइलमधील लेव्हल पुरेशी आहे. १:१२ म्हणजे पाच अंशांहून किंचित कमी. फोटो पाठवणाऱ्याला काही ठरवावे लागत नाही, निर्णय तुम्ही घेता. नाही तर तुमच्या क्षमतेचा अंदाज दुसराच कोणीतरी बांधतो आणि बहुतेक वेळा तो चुकतो.

उचलण्याबाबत तुम्ही लिहिले आहे ते योग्यच आहे. बगलेत धरून उचलल्याने खांद्याचा सांधा निखळू शकतो आणि शरीराचा मागचा भाग खाली लोंबून घासतो. जाड कॅनव्हासची, दोन्ही बाजूंना मिळून सहा मुठी असलेली झोळी शिवून घ्या. ताडपत्री शिवणारे कारागीर ती सहज करून देतात. झोळीत बसल्यावर मांड्या आणि पाठ दोन्हींना आधार मिळतो आणि चार माणसांत वजन वाटले जाते.

कानाने ऐकणारा, सदाशिव पेठ

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे आणि गेली अनेक वर्षे मित्रांबरोबर पक्षी ऐकायला जातो. चर्चा व्हीलचेअरची आहे हे मला ठाऊक आहे, तरी नावेविषयी एक गोष्ट सर्वांच्या उपयोगाची आहे. नावाड्याला यंत्र बंद करून बांबूने किंवा वल्ह्याने नाव पुढे न्यायला सांगावे. यंत्राच्या आवाजात मला काहीच उरत नाही, आणि इतरांनाही थवा उठून गेल्यावर दूरच्या गुलाबी रेघेशिवाय फारसे काही उरत नाही. यंत्र बंद झाले की रोहित पक्ष्यांची हंसासारखी घोगरी कुजबुज, चक्रवाकांची नाकातून आल्यासारखी हाक आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या पायांचा आवाज असे थर एकामागून एक उलगडत जातात. थवा उडण्याआधी पाण्यावरून धावतो, तेव्हा असंख्य तळवे एकदम पाण्यावर आपटल्यासारखा आवाज येतो. तो मी एकदाच ऐकला आहे आणि आम्ही फार जवळ गेलो म्हणून तो ऐकू आला, याची खंत वाटते.

वाटाड्याने ‘तिकडे बघा’ म्हणण्याऐवजी ‘नावेच्या टोकाला बारा वाजले असे समजा, दोनच्या दिशेला’ असे सांगितले, तर अंध माणसाला दिशा कळते आणि दुर्बीण नीट धरता न येणाऱ्या लहान मुलांनाही. मूकबधिर मित्र बरोबर असतील, तर नावेत बसण्यापूर्वीच थांबणे, बसून राहणे आणि परत फिरणे यांच्या खुणा ठरवून घ्याव्यात, कारण एकदा नाव निघाली की वाटाड्याची पाठ त्यांच्याकडे असते.

ताई, काठाचे जमले नाही तर मयूरेश्वर अभयारण्याचा विचार करावा. ते बारामती तालुक्यात सुपे गावाजवळ आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे आणि माळरान असल्याने बरेचसे सपाट आहे. तिथल्या कच्च्या वाटेने गाडीतूनच फिरता येते. माझ्या मित्रांना चिंकारा नेहमी गाडीतूनच दिसली आहेत, कारण गाडीला ती फारशी बुजत नाहीत आणि माणूस पायउतार झाला की पळतात. मी काच खाली करून चंडोलाचे गाणे ऐकत बसतो. त्या ठिकाणी गाडीत बसून राहणे म्हणजे मागे राहणे नव्हे. सगळेच गाडीत असतात.

काठावरचा

ताई, मी याच काठावरचा. आमचे घर मासेमारीचे आहे आणि हिवाळ्यात आम्ही पाहुण्यांना नावेतून पक्षी दाखवतो. वरचे सगळे मी दोनदा वाचले. हडपसरच्या दादांनी गाळाबद्दल लिहिले ते खरे आहे. पाणी हटल्यावर वर पापुद्रा धरतो आणि खाली घोटाभर ओल राहते. नवख्या माणसाला ते कळत नाही. जिथे गाळपेर होते, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळावर पीक घेतात, तिथे तर खुर्ची अजिबात आणू नये.

जानेवारीत नाव लावायला आमच्याकडे दोन जागा असतात. नेहमीची जागा गावाजवळ आहे, पण तिथे उतार जास्त आहे. दुसरी थोडी लांब असून मुरमाड आहे आणि गाडी पाण्यापासून पंधरा-वीस पावलांवर येते. पाहुण्यांना आम्ही तिकडे नेत नाही, कारण तिथे सावली आणि चहा नाही. तुमच्यासाठी मी ती सुचवेन. उरलेल्या वाटेवर आठ फुटी प्लायवूडचे तुकडे टाकू. घराच्या कामाचे पडून आहेत. नाव हलू नये म्हणून तिच्या बाहेरच्या अंगाला दुसरी नाव दोरीने घट्ट बांधू आणि नावेचा कठडा व काठ यांची उंची वाळूची पोती रचून सारखी करू. झोळी तुम्ही आणा, धरायला चौघे आम्ही असू. कुठे आणि कसे धरायचे ते तुम्ही सांगायचे.

यंत्राबद्दल सदाशिव पेठेतल्या दादांचे म्हणणे पटते. आम्हाला घाई असते ती पुढच्या फेरीची. पहाटेची पहिली फेरी घेऊन दोन फेऱ्यांचा वेळ ठरवून घेतला, तर बांबूने नेता येईल.

शौचालय घरी आहे. दार मोजले, ५८ सेंमी भरले. तुमची खुर्ची जाणार नाही, हे आताच सांगतो. फोटो उद्या सकाळच्या उजेडात काढून टाकतो.

कोथरूडची प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. फोटो मिळाले. मोजपट्टी धरलेल्या हातासह काठाचे सहा फोटो पाहून मी बारा वर्षांत प्रथमच घरबसल्या स्वतः ठरवू शकले की मला हे जमेल. आम्ही जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊन आलो. पुढे जाणाऱ्यांसाठी तपशील लिहिते.

मुरमाड जागेवर गाडीपासून पाण्यापर्यंत १९ पावले होती. पहिली बारा मी खुर्चीवर स्वतः गेले, पुढे प्लायवूडवर मुलीच्या मामाने खुर्ची उलटी धरून ओढली. मोबाइलच्या लेव्हलवर उतार सहा अंश आला, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांपेक्षा थोडा अधिक. परत वर येताना मागून एक माणूस लागतोच. झोळीची रुंदी ९० सेंमी आणि लांबी १२० सेंमी ठेवली होती. लांबी आणखी २० सेंमी असती तर डोक्यालाही आधार मिळाला असता. मुठी दुहेरी शिलाईच्या असाव्यात आणि आतल्या बाजूला शिवणीची गाठ येऊ देऊ नये. नावेत मी खुर्चीवरची माझी नेहमीची उशी खाली घेतली, तिच्याखाली फोम टाकला आणि दर वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन शरीर उचलत राहिले. मुलीला घड्याळ लावून ते काम दिले होते आणि तिने एकदाही चुकवले नाही. घरी आल्यावर आरशात त्वचा तपासली, कुठेही लाली नव्हती. पहाटे पाण्यावर फार गारठा असतो. पायांना थंडी जाणवत नसल्याने मी ते घोंगडीत गुंडाळले होते, तसे सर्वांनी करावे.

यंत्र बंद केल्यावर आम्ही जवळपास चाळीस मिनिटे एका जागी होतो. थवा उठला नाही. मुलगी बारा वाजले, दोन वाजले असे पुटपुटत मला पक्षी दाखवत होती. चित्रबलाक तिने माझ्याआधी ओळखला.

माळरानप्रेमींना सांगते की चार प्लायवूड आणि सहा पोती परतताना उचलली आणि काठ होता तसा राहिला. माप घेणाऱ्या ताईंनी सांगितलेल्या तरंगत्या जेटी आणि चटईविषयीचे निवेदन मी मोजमापांसह तयार करत आहे. ज्यांना त्यात स्वतःचा अनुभव जोडायचा आहे त्यांनी येथे लिहावे; पक्षाघात झालेले, अंध, कर्णबधिर आणि वृद्ध अशा सर्वांच्या गरजा त्यात यायला हव्यात.

शौचालयाचा प्रश्न सुटलेला नाही. महामार्गावर जाताना दोन आणि येताना तीन ठिकाणी थांबून दारे मोजली. त्यांपैकी एकावर व्हीलचेअरचे चित्र होते, परंतु आत झाडू, बादल्या आणि पुठ्ठ्याची खोकी भरलेली होती. बाकीच्या चारांत सर्वांत रुंद दार ६१ सेंमीचे निघाले. आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिऊन मी दिवस निभावला, जे माझ्या मूत्रपिंडांसाठी योग्य नाही आणि मी कोणाला सुचवणारही नाही. पुणे ते भिगवण या टप्प्यात ६५ सेंमीहून रुंद दाराचे, रिकामे आणि उघडे असलेले शौचालय कोणी प्रत्यक्ष मोजले असेल, तर कृपया ठिकाण आणि माप कळवावे. मार्चमध्ये मयूरेश्वरला जायचे ठरले आहे.